जाऊबाई विरुद्ध जाईबाई

नागपूरच्या कुणा बाईंचा निरोप सकाळीच येऊन पडला होता. मंजुषा ढाणेने तो एकदा ऐकला, हात पुसून पुन्हा ऐकला आणि मग नवऱ्याला ऐकवला. बाईंचा आवाज इतका मऊ होता की त्यांच्यावर रागावताही येईना.

"तुमचा आलेपाक आमच्याकडे कितीतरी वर्षं येतो. या वेळी मात्र गुळाचा आला हो. सासऱ्यांना आवडला, पण मला नेहमीचा हवा होता. तुम्ही पद्धत बदललीत का?"

"मी कशाला बदलू?" मंजुषा भिंतीवरच्या पडद्याला म्हणाली, जणू बाई तिथेच उभ्या होत्या.

जयवंत पाकिटं खोक्यात लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ऋतुजाचा गेला असणार."

"ते कळलं मला. पण शिव्या मी खायच्या का?"

"शिव्या कुठे दिल्या त्यांनी? सासऱ्यांना आवडला म्हणाल्या."

मंजुषाने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा खोक्यात शिरला.

अलीकडे हे वरचेवर व्हायला लागलं होतं. दुकानात जाऊन, रंग बघून, पुडी हातात घेऊन वस्तू निवडायचे दिवस मागे पडत चालले होते. लोक बोलून मागवत. स्वयंपाकघरात असोत, गाडीत असोत, कानातल्या मण्याएवढ्या यंत्राला नुसतं म्हणायचं, "जाऊबाईंचा आलेपाक मागव," की पुढचं सगळं ते यंत्र बघायचं. पाकिटाचा पिवळा रंग, त्यावरचं चित्र, अक्षरांचं वळण हे सगळं आता वस्तू घरी पोचल्यावरच दिसे. त्याआधी असे तो फक्त उच्चार. आणि वाई ते भुईंज एवढ्या टापूत आता दोन उच्चार झाले होते. जाऊबाई आणि जाईबाई. तोंडात घास, मागे पंखा, त्यात बोलणाऱ्याची घाई. मधला तो एक स्वर यंत्राने पकडायचा तरी कसा?

मंजुषा आणि ऋतुजा या सख्ख्या जावा. मंजुषा थोरली, जयवंतची बायको. ऋतुजा धाकटी, विक्रांतची. ती लग्न होऊन सोलापुरातून वाईला आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी आल्याचा भाव इतका पडला की काढणीची मजुरीही निघेना. तेव्हा मंजुषाने शेतातलं आलं घरी आणून किसलं, वाटलं, साखर घालून आटवलं आणि वड्या पाडल्या. ऋतुजा त्या वड्या घेऊन पसरणी घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली. पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांतल्या पोरांना वळणांवर मळमळतं, त्यावर आल्यासारखं दुसरं औषध नाही, हे तिचं डोकं. थोड्याच दिवसांत दोघी तिथे टपरी टाकून बसल्या.

नाव कुणी ठेवलंच नव्हतं. सोलापूरच्या शहरी घरात वाढलेल्या ऋतुजाला 'जाऊबाई' या शब्दाचीच गंमत वाटे, म्हणून ती थोरल्या जावेला गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम मोठ्याने तशी हाक मारी. "जाऊबाई, सुटे आहेत का?" मग मंजुषाही तिच्यावर उलटवी, "बघते हं जाऊबाई." गाडीतली माणसं हसत. पुढच्या खेपेला तीच माणसं खिडकीतून ओरडत, "ओ जाऊबाई, दोन पुड्या!" असं ते नाव लोकांनीच त्यांच्या गळ्यात घातलं.

धंदा वाढल्यावर साताऱ्यातला एक एजंट म्हणाला की नाव नोंदवून टाका, नाहीतर कुणीही उचलेल. खरंच होतं ते. पण ऋतुजा तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली. "दोघींच्या नावाने करायचं तर भागीदारीचे कागद लागतील, उगाच महिने जातील," एजंट म्हणाला, "सध्या तुमच्या एकटीच्या नावाने टाकू." मंजुषाने सही केली. पुढे नोंदणी झाली, धंदा चालला, आणि ते 'सध्या' तसंच राहून गेलं.

तीन वर्षांपूर्वी दुबईच्या एका व्यापाऱ्याने माल घेण्याआधी मालकीचे कागद मागितले, तेव्हा ऋतुजाने ते पहिल्यांदा वाचले.

"यात मी कुठेय, ताई?" तिने विचारलं होतं.

त्या वेळी मंजुषाने सरळ काय झालं ते सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिला अचानक पकडल्यासारखं झालं आणि ती म्हणाली, "घरातल्या घरात कसली मालकी काढतेस?"

महिनाभरात ऋतुजा आणि विक्रांत भुईंजला राहायला गेले. तिथे तिने स्वतःची भट्टी घातली, साखरेऐवजी गूळ घेतला, पाकिटावर जाईचं फूल काढलं आणि नाव ठेवलं 'जाईबाई'. गंमत म्हणजे दोघे भाऊ कधीच भांडले नाहीत. आल्याचं शेत अजून एकत्रच होतं. जयवंत आणि विक्रांत तिथे रोज भेटत, पाण्याच्या पाळ्या लावत, एका डब्यात जेवत, आणि घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

*

ॲडव्होकेट केतकी होनप यांचं कार्यालय साताऱ्याला होतं. बाई तरतरीत, बोलायला फटकळ. मंजुषाने नेलेली वडी तोंडात टाकून त्यांनी पाकीट उलटसुलट बघितलं.

"वर्तुळातला हा आर कधीपासून छापताय?"

"पहिल्यापासून. छापखानेवाला म्हणाला, भारदस्त दिसतं."

"म्हणजे नोंदणी हातात यायच्या आधीपासून?"

"हो."

"तो गुन्हा होता, मंजुषाताई. नोंदणी होईपर्यंत ते चिन्ह लावता येत नाही. आता नोंदणी झाली आहे आणि तेव्हा कुणी तक्रार केली नाही, म्हणून वाचलात." त्यांनी दुसरी वडी घेतली. "आता दुसरं. तुमच्या एजंटाने नोंदवलंय काय? लेबल. चित्र, रंग, अक्षरं मिळून ते अख्खं लेबल. 'जाऊबाई' हा नुसता शब्द त्याने वेगळा नोंदवलाच नाही. तेव्हा लोक बघून घ्यायचे, चालून गेलं. आता लोक कानाने घेतात आणि तुमचं संरक्षण आहे डोळ्यांपुरतं."

मंजुषाचा चेहरा उतरला. "मग शब्द कुणीही घ्यावा?"

"तसं नाही. शब्द तुमचा नशिबाने चांगला आहे. 'आलेपाक' हे वस्तूचं नाव, ते कुणा एकाला मिळत नाही. 'घाटावरचा' म्हणालात तर ते ठिकाण झालं. 'तिखटगोड' म्हणालात तर तो गुण. वस्तूचं वर्णन करणारी नावं सगळ्यांची असतात आणि नवखी माणसं नेमकी तीच धरून बसतात. जाऊबाईचा आणि आल्याचा मात्र काही संबंध नाही. म्हणून ते नाव पक्कं."

"संबंध कसा नाही?" शेजारी बसलेला जयवंत म्हणाला. "दोन्ही तिखट."

होनपबाई खळखळून हसल्या. मंजुषा हसली नाही.

ऋतुजाने 'जाईबाई' नोंदवायला अर्ज केला होता. तो जाहीर झाल्यावर चार महिन्यांच्या आत विरोध नोंदवता येत होता, आणि मुदत अजून होती. "आपण विरोध करू," होनपबाई म्हणाल्या. "पूर्वी यात वकिलांची नुसती खडाजंगी चालायची. कायदा म्हणतो, साधारण बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा ग्राहक फसेल का ते बघा. आता असा ग्राहक कुणी पाहिलाय? न्यायाधीश आपल्या मनातला एक ग्राहक उभा करायचे, आम्ही आमच्या मनातला. हल्ली त्याला खुर्चीवर बसवतात आणि डोक्यात टोपी घालतात."

*

पुण्याच्या स्मरणचाचणी केंद्रात डॉक्टर फारुख इनामदार यांनी मंजुषाचं हसतमुखाने स्वागत केलं. पन्नाशीचा, ढगळ सदऱ्यातला माणूस. चाचणी काय असते हे कळावं म्हणून त्यांनी तिलाच खुर्चीवर बसवलं आणि जाळीची एक हलकी टोपी डोक्यावर चढवली.

"तुम्ही साबण कुठला वापरता?"

"चांदणी. लग्नाआधीपासून."

"मग समोर बघत राहा फक्त."

पडद्यावर शब्द, चित्रं, आकडे डोळे मिटून उघडावेत इतक्या वेगाने सरकत गेले. थोड्या वेळाने इनामदारांनी तिला एका आडव्या रेषेवरचे उंचवटे दाखवले.

"ओळखीचं काही दिसलं की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेची एक लहर उठते. काही खटकलं, जुळलं नाही, तर लहरीचा आकार वेगळा. हे फार जुनं ज्ञान आहे. माणसाला 'मला ओळखू आलं' असं वाटायच्या आत ती लहर उठून गेलेली असते. म्हणून इथे खोटं बोलता येत नाही, आणि उगाच शहाणपणाही दाखवता येत नाही. हे बघा. इथे मी 'चांदणी' दाखवलं. लहर उठली. इथे दाखवलं 'चंदनी'. असा साबणच नाही, मी बनवलेला शब्द आहे तो. तरी लहर तशीच उठली. खटकलं नाही तुम्हाला."

"शक्यच नाही," मंजुषा म्हणाली. "मी इतकी वर्षं वापरतेय."

"वापरता म्हणूनच. आपण नाव वाचत नाही हो, नुसती चाहूल घेतो." त्यांनी रेषेवरची दुसरी जागा दाखवली. "आणि ही उगमलहर. ही नवी. वस्तू ओळखू येणं वेगळं आणि ती कुणाकडून आली हे मनात जागं होणं वेगळं. व्यापारचिन्हाचं खरं काम दुसरंच असतं ना? नाव ऐकल्यावर 'हे अमक्याकडचं' असं वाटणं. त्या वेळी मेंदूतले दोन भाग एका ठेक्यावर चालू लागतात. तो ठेका आता आम्हाला टिपता येतो. नावानंतर लगेच वेगवेगळी चित्रं दाखवायची. ज्या चित्रावर ठेका जुळेल, तो लोकांच्या मनातला उगम."

"मग आमचं नाव मला दाखवा की."

"नाही," इनामदार टोपी काढून घेत म्हणाले. "मालकाचं डोकं इथे चालत नाही. मालकाला सगळंच आठवत असतं."

खरी चाचणी दुसऱ्या दिवशी झाली. दोन्ही पक्षांना काचेमागून बघायची मुभा होती, पण ऋतुजा आली नव्हती. तिने फक्त आपली चित्रं पाठवली होती. मंजुषा एकटीच काचेमागे बसली. एकेक माणूस येऊन टोपी घालून जात होता. मिशाळ ट्रकचालक, पेंगुळलेली कॉलेजकन्या, नऊवारीतल्या एक आजी. हे सगळे कधी ना कधी तिचा आलेपाक खाल्लेले लोक. इतकी वर्षं पत्ते छापून तिने पुड्या पाठवल्या, पण त्या पत्त्यांची तोंडं ती पहिल्यांदाच बघत होती. त्यातल्या त्यात तिला बरंच वाटलं.

टोपी काढल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, जाऊबाई म्हणजे कोण? बार्शीचे एक निवृत्त कंडक्टर खुर्चीवरून उठता उठता म्हणाले, "जाऊबाई म्हणजे त्या घाटातल्या दोघी ना? आमची गाडी थांबायची तिथं. एक जण गप्प राहून पुड्या बांधायची आणि दुसरी सारखी बोलायची. कुठं असतात हो हल्ली?"

काचेमागे मंजुषाने पदर सारखा केला आणि उगाच घसा खाकरला.

*

अहवाल दोन भागांत आला. पहिला भाग संभ्रमाचा. दहातल्या आठ जणांच्या मेंदूला जाऊबाई आणि जाईबाई यांतला फरक खटकलाच नव्हता. होनपबाईंनी तो भाग वाचून टेबलावर थाप मारली. "जिंकलो. यावर 'जाईबाई'चा अर्ज टिकत नाही."

"आणि दुसरा?"

होनपबाईंनी चष्मा काढला. दुसरा भाग उगमाचा होता. 'जाऊबाई' या नावानंतर मंजुषाचं एकटीचं छायाचित्र दाखवलं तेव्हा ठेका जेमतेम जुळला होता. ऋतुजाचं एकटीचं दाखवलं तेव्हाही तेवढाच. पण ऋतुजाने पाठवलेल्या चित्रांत टपरीवरचं एक जुनं छायाचित्र होतं, दोघी शेजारी उभ्या असलेलं. ते दाखवताक्षणी जवळपास प्रत्येकाची रेष उसळून वर गेली होती.

"लोकांच्या मनात उगम एकच आहे," होनपबाई म्हणाल्या, "पण तो उगम म्हणजे तुम्ही दोघी मिळून. हे नोंदणी कार्यालयासमोर गेलं तर तुमच्या नोंदणीलाच धक्का बसेल. तुम्ही अर्जात लिहून दिलंय की हे नाव मी एकटी वापरते. ऋतुजा उलट दावा लावेल आणि कदाचित तुमची नोंदणी रद्दही होईल."

"मग काय करायचं?"

"पहिला भाग दाखल करावाच लागतो. दुसरा ज्याने चाचणी मागितली त्याच्या मालकीचा. दाखल करायची सक्ती नाही. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाहीये. गप्प बसायला सांगतेय."

मंजुषा परतीच्या बसमध्ये बसली. बस आपली आपण चालत होती आणि चालकाच्या जागी एक बाई मुलाला खिडकीतून उसाची शेतं दाखवत बसली होती. गप्प बसायचं. तीन वर्षांपूर्वी कागद समोर आले तेव्हाही मंजुषा एक प्रकारे गप्पच बसली होती. आणि त्याआधी, ऋतुजा बाळाला घेऊन परतली तेव्हाही. गप्प बसणं तिला सोपं जायचं. बोलण्याचं काम इतकी वर्षं ऋतुजाच तर करत आली होती.

तिला एक साधी गोष्ट आज पहिल्यांदा जाणवली. आई व्हायला मूल लागतं, मावशी व्हायला बहीण लागते, पण जाऊ? दुसरी जाऊ असल्याशिवाय कुठलीच बाई जाऊ होत नाही. आणि तो शब्द आपण एकटीच्या नावावर करून घेतला.

बस भुईंजच्या थांब्यावर आली तेव्हा मंजुषा उठली आणि उतरली.

*

ऋतुजाच्या भट्टीवर गुळाचा खरपूस वास भरून राहिला होता. तिने मंजुषाला दारात बघितलं, कामावरच्या बाईच्या हातात कलथा दिला आणि पदराला हात पुसले.

"या ताई." पाण्याचा तांब्या आला, बसायला खुर्ची आली, पण आवाजात ओलावा आला नाही.

मंजुषाने पिशवीतून अहवाल काढून ओट्यावर ठेवला. "दुसरा भाग आधी वाच."

ऋतुजाने उभ्याउभ्याच वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला. "हे तुम्ही मला का देताय? तुमच्या वकीलबाईंना माहितेय?"

"नाही. कळेल तेव्हा झाडतील मला."

"यावर मी तुमची नोंदणी रद्द करून घेऊ शकते."

"हो. तसंच म्हणाल्या त्या."

कढईतला पाक फुटफुटत होता. ऋतुजाने कामावरच्या बाईला आच कमी करायला सांगितलं. मग ओट्याकडे बघत म्हणाली, "मी 'जाईबाई' नाव मुद्दाम ठेवलं. तुमची गिऱ्हाइकं पळवायची म्हणून नाही. पण जेव्हा जेव्हा तुमच्या कानावर पडेल तेव्हा टोचावं, हे होतं मनात."

"टोचलं."

ऋतुजाला हसू आलं असतं, पण तिने ते येऊ दिलं नाही. "मला एवढंच सांगा ताई. त्या दिवशी सही करताना मी तुमच्या डोक्यात आले होते की नाही?"

"आली होतीस," मंजुषा म्हणाली. "वाटलं, तू माहेरून आलीस की नाव घालू. तू आलीस तेव्हा बारसं, पाळणा, तुझी झोप नाही, माझी झोप नाही. राहिलं. मग सांगायची लाज वाटायला लागली. जितका उशीर होत गेला तितकी जास्त. तू विचारलंस तेव्हा त्या लाजेनेच मी तुझ्यावर ओरडले."

ऋतुजाने अहवालाची पानं सारखी केली. तिचे डोळे भरले होते, पण बोलली तेव्हा आवाज कोरडाच होता. "मी समजत होते की तुम्ही मला धरलंच नव्हतं. कामावरच्या बाईसारखी होते मी तुमच्या लेखी."

"तुझ्यावाचून धंदा उभा राहिला असता का?"

"हे तेव्हा म्हणायचं होतं."

"हो," मंजुषा म्हणाली. "तेव्हाच म्हणायचं होतं."

ऋतुजाने तिला जाताना एक पाकीट दिलं, पण सोबत शब्द दिला नाही. "विचार करून सांगते," एवढंच म्हणाली. घरी येऊन मंजुषाने गुळाची वडी तोंडात घातली. आल्याचा तिखटपणा आधी लागला नाही, तो मागाहून सावकाश वर आला. चव चांगली होती. तिने जयवंतला ते सांगितलं नाही, पण पाकीट संपवलं तिनेच.

होनपबाईंनी अर्थातच झाडलं. "अशील असावं तर असं, घरी जाऊन स्वतःची बाजू दुसऱ्याच्या हातात देणारं!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर त्यांचा राग उतरला आणि त्यांनीच परत फोन करून सांगितलं, की दोघींचा माल एकाच नावाने लोकांच्या मनात जोडलेला असेल तर कायद्यात संयुक्त मालकीची सोय आहे, आणि असा पुरावा त्यांनी आजवर कुठल्या प्रकरणात पाहिला नव्हता.

आठवडाभर भुईंजहून काही आलं नाही. शेतातून आल्यावर जयवंत बायकोच्या तोंडाकडे बघे आणि जेवायला बसे. मग एका दुपारी ऋतुजाचा फोन आला. नमस्कार नाही, विचारपूस नाही. "गूळ राहणार. माझी भट्टी भुईंजलाच राहणार. आणि हिशेबाच्या बाबतीत तुम्ही गप्प बसायचं नाही, जे असेल ते बोलायचं. कबूल असेल तर तारीख कळवा."

"कबूल," मंजुषा म्हणाली, आणि फोन बंद झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने एकटीने बसून चहा केला आणि सवयीने दोन कपांत ओतला.

*

साताऱ्याच्या कार्यालयात होनपबाईंसमोर चौघं बसली. ऋतुजाने 'जाईबाई'चा जुना अर्ज मागे घेतला. नवा अर्ज 'जाऊबाई' या शब्दाचा, दोघींच्या संयुक्त नावाने. लेबलही दोघींच्या नावावर होणार होतं. होनपबाईंच्या सांगण्यावरून 'जाईबाई'ही दोघींनी मिळून नव्याने नोंदवायचं ठरलं, कारण इतकं जवळचं नाव मोकळं सोडलं तर उद्या तिसराच कुणी उचलेल. अर्जावर आधी ऋतुजाचं नाव पाहून मंजुषाने भुवई उंचावली.

"अक्षरक्रमाने आहे," होनपबाई म्हणाल्या. "ऋ आधी येतो."

"येऊ दे," मंजुषा म्हणाली.

"आता सर्वांत महत्त्वाचं कलम. सगळे जण हेच लिहायचं विसरतात. उद्या भांडलात तर नाव कुणाचं?"

"आता कशाला भांडतील या?" विक्रांत म्हणाला.

"भांडणारच. जावा आहात. म्हणून आज, बोलणं चालू आहे तोवर लिहून ठेवायचं."

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. ऋतुजा म्हणाली, "कुणाचंच नाही."

"म्हणजे?"

"फुटलो तर दोघींनीही ते नाव सोडायचं. ताईंनीही वापरायचं नाही, मीही नाही."

होनपबाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, एवढी किंमत असलेलं नाव कुणी असं टाकून देतं का? विकता येतं, वाटून घेता येतं. मंजुषाताई, तुम्ही तरी सांगा."

"तिचं बरोबर आहे," मंजुषा म्हणाली. "एकटीला काय करायचंय त्या नावाचं?"

कलम तसंच लिहिलं गेलं. या वेळी 'सध्या' हा शब्द कुठेही येणार नाही याची मंजुषाने स्वतः वाचून खात्री केली.

या प्रकरणाची पंचक्रोशीत बरीच चर्चा झाली. इनामदारांनी पुढे केंद्रात जोड्यांची, भावंडांची, अख्ख्या कुटुंबांची छायाचित्रं दाखवायला सुरुवात केली, आणि धंद्याची वाटणी करायला निघालेले काही भाऊ वकिलाआधी पुण्याला जाऊन टोपी घालायला लागले. काही जण तिथून आणखी भांडत आले. पण बरेच जण गप्प होऊन परतले आणि वाटणीचा विषय पुढे ढकलला.

नोंदणी हातात आली तोवर थंडी पडली होती. यंत्रं आता आलेपाक मागवणाऱ्याला एकच प्रश्न विचारत, साखरेचा की गुळाचा, आणि बरेचसे लोक सांगत, दोन्ही. मागणी एवढी वाढली की एके दिवशी ऋतुजा भुईंजची भट्टी बाईवर सोपवून वाईला आली. मंजुषाच्या भट्टीवर तिने पहिल्यांदाच गुळाचा घाणा चढवला. आलं आणि गूळ मिळून कढई भरून उकळू लागली.

"झालं, उतरव," मंजुषा म्हणाली.

"नाही झालं."

"पुढे जाईल, ऋतू. करपेल."

"साखरेचा जाईल. गुळाला वेळ लागतो, ताई. चिकीचा गूळ आहे हा."

"मी काय पहिल्यांदा पाक बघतेय?"

"गुळाचा पहिल्यांदाच बघताय."

जयवंत आणि विक्रांत दारात आल्याची पोती उतरवत होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पाठ फिरवून पुन्हा पोत्यांना लागले. ऋतुजाने वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब टाकला. तो पसरला. तिने मंजुषाला दाखवला आणि ढवळत राहिली. थोड्या वेळाने पुन्हा टाकला. या वेळी थेंब तळाशी जाऊन घट्ट गोळी होऊन बसला. ऋतुजाने वाटी मंजुषापुढे धरली.

मंजुषाने वाटीत बोट घालून गोळी दाबून बघितली. मग कोपऱ्यातलं मोठं ताट काढलं, त्याला तुपाचा हात फिरवला आणि ते कढईशेजारी सरकवलं.